दोन वाजून दहा मिनिटांनी थांबलेला पंखा

मंगळवार, ९ मे १९५०. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत यज्ञेश्वर माधव आजरेकर यांच्या घरातला टेबलपंखा थांबला.

तो एकदम थांबला नाही. आधी घरघर उतरली, मग पाती मोजता येऊ लागली, आणि शेवटी तिन्ही पात्यांवरची धूळसुद्धा स्वच्छ दिसू लागली. यज्ञेश्वररावांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, रोजनिशीत वेळ टिपली आणि मगच ते उठले. आधी नोंद, मग हालचाल, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. सरकारी कचेरीत ते बारनिशीवर होते, म्हणजे येईल त्या कागदावर नंबर घालून तो नोंदवहीत चढवायचा. संस्थान विलीन झालं, शिक्के बदलले, साहेब बदलले; बारनिशी राहिली आणि तिच्यामागे यज्ञेश्वररावही राहिले. उन्हाळ्यात कचेरी सकाळची असे, म्हणून ते या वेळी घरी होते.

त्या आठवड्यात पारा एकशे चारावर गेला होता. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलेली माणसं गेली तशीच घामेजून परत येत होती. तालमीसमोरच्या पिंपळाचं पान हलत नव्हतं, आणि पिंपळाचं पान हलत नाही म्हणजे काय, हे पिंपळ पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

"बाबा, गेली का हो?" चटईवरून श्यामलानं विचारलं.

श्यामला ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला नववा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती पुण्याहून माहेरी आली होती. पंखा तिच्यासाठी होता. बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याकडून यज्ञेश्वररावांनी तो घेतला होता, आणि घेतल्या दिवशीच पुण्याला विहीणबाईंना पत्र टाकलं होतं : 'आमचे येथे विजेचा पंखा बसविला आहे. चि. सौ. श्यामलेस उष्म्याचा यत्किंचित त्रास होणार नाही, हे आपण निश्चित समजावे.'

हे पत्र पाठवायला नको होतं, असं आता म्हणता येतं. कारण विहीणबाई कालिंदीबाई या निश्चित समजणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं : 'वाचून समाधान झाले. शुक्रवारी चारच्या सुमारास भाच्याच्या मोटारीने स्वतः येऊन पाहून जाते. तेथे उष्म्याचा त्रास दिसल्यास सुनेस सोबत घेऊन येईन. आमचेकडे बरा वारा असतो.'

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ते माहेरच्यांनी करायचं असतं, आणि न केलं तर पुढे चाळीस वर्षं प्रत्येक लग्नामुंजीत ते ऐकायचं असतं. शिवाय नववा महिना लागलेल्या पोरीला मे महिन्याच्या उन्हात दीडशे मैल मोटारीतून न्यायचं, हा विचारच यज्ञेश्वररावांना सहन होईना. शुक्रवार चार वाजेपर्यंत पंखा फिरलाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. हातात तीन दिवस होते. दिवा गेलेला माणूस तीन दिवसांत काय काय करू शकतो, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

त्यांनी फ्यूज पाहिला. शाबूत होता. मग खिडकीतून तालमीकडे हाक मारली. जोतीराम पैलवान पायरीवर बसून दुपारचं दूध पीत होता.

"जोतीराम, तालमीत दिवा आहे का रे?"

"हाय की काका! आत्ता लावून बघितला. का?"

"आमचा गेला."

"मग तुमचाच गेला," जोतीराम म्हणाला आणि पुन्हा दुधाकडे वळला.

आवाज ऐकून खालच्या खोल्यांत राहणारे आण्णा जिना चढून वर आले. आण्णा संस्थानच्या पागेतून निवृत्त झाले होते. जगातल्या कुठल्याही अडचणीला पागेत एक उत्तर असतं, असा त्यांचा अनुभव होता.

"यज्ञेश्वरराव, गावातली वीज म्हणजे अडेल घोडं बघा. खांबाला एक काठी घाला की! तार हलली की येतीय लाईट."

"खांब कंपनीचा आहे, आण्णा. त्याला हात लावता येत नाही."

"मग पोरीला ओलं कापड गुंडाळा. आमच्या पागेत गाभण घोडी असली की आम्ही मे महिन्यात तिच्या पाठीवर ओलं पोतं—"

"आण्णा," स्वयंपाकघराच्या दारातून पद्मजाबाई म्हणाल्या, "माझी मुलगी आहे ती." त्यांच्या हाताला कुरडयांचा चीक लागलेला होता आणि त्यांचा चेहरा भट्टीसारखा झाला होता. त्या आत्ताच गच्चीवरून आत आल्या होत्या. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. यज्ञेश्वररावांनी ठेवलं नाही.

ते टेबलाशी बसले आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला. डाव्या बाजूला चार बोटं समास, चार मुद्दे, दोन पानं. तिसऱ्या मुद्द्यात 'कंपनीचा अक्षम्य हलगर्जीपणा' असे शब्द होते. ते त्यांना इतके आवडले, की चौथ्या मुद्द्यात त्यांनी ते पुन्हा वापरले. सव्वाचार वाजता, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, ते वीज कंपनीच्या तक्रारीच्या खिडकीवर हजर झाले.

"काय झालंय, पावणं?" आतल्या कारकुनानं विचारलं.

यज्ञेश्वररावांनी अर्ज सरकवला.

"लाईट गेलीया व्हय?"

"अर्जात सविस्तर आहे."

"ते हाय. पर गेलीया का न्हाय, एवढंच सांगा की."

"मुद्दा क्रमांक एक पाहा."

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे पाहिलं, मग उसासा टाकून अर्जावर शिक्का मारला आणि नंबर घातला : चारशे सतरा.

"आता ह्यो कागद साहेबांच्या टेबलावर जाणार. साहेब वाचणार, शेरा मारणार, मग माझ्याकडं येणार. तोंडी सांगितलं असतंसा, तर आत्ताच्या आत्ता वायरमन धाडला असता. तो काय, भाईर बसलाय."

यज्ञेश्वररावांनी वळून पाहिलं. लिंबाच्या सावलीत एका सायकलीला टेकून, खाकी कपड्यांतला एक माणूस बशीतून चहा पीत होता.

"मग तोंडी सांगतो. आमची लाईट गेली आहे."

"आता कसं? लेखी आलं की. एका तक्रारीला दोन वाटा न्हाईत."

"तर अर्ज परत द्या."

"नंबर पडला न्हवं," कारकून शांतपणे म्हणाला.

यज्ञेश्वररावांनी डोक्यावरचा पंचा सावरला. हे वाक्य त्यांचंच होतं. गेल्या तीस वर्षांत पाटील, कुळकर्णी, विधवा, पेन्शनर आणि एक जहागीरदार, अशा सगळ्यांना त्यांनी ते याच शांतपणे ऐकवलं होतं. ते इतकं टोचतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी शेरा आला नाही. श्यामला रात्रभर झोपली नव्हती. पद्मजाबाईंनी पहाटेपर्यंत विंझण्यानं वारा घातला होता आणि आता त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आण्णा सकाळी सब्जा घेऊन आले, दहा वाजता वाळा घेऊन आले, आणि अकरा वाजता नुसते आले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून एक कामाची गोष्ट निघाली.

"दरबारात वीज कुठं हुती हो आधी? छताला कापडाचा पंखा टांगलेला. एवढा मोठा. भाईरनं दोरी ओढायची. वारा असा यायचा, की मानकऱ्यांच्या पगड्यांची शेपटं हलायची!"

यज्ञेश्वररावांचे डोळे चमकले. विहीणबाईंना पत्रात 'विजेचा पंखा' असं लिहिलं होतं, हे खरं. पण विजेचा पंखा घरात होताच. तो बंद आहे, एवढंच. त्रास होणार नाही असंही लिहिलं होतं, आणि ते वाक्य खरं करणं अजून हातात होतं.

बुधवारी दुपारभर पंखा तयार झाला. पद्मजाबाईंची दोन जुनी लुगडी एकावर एक शिवून आठ फुटी बांबूला लावली. बांबू टांगायचा कुठं, हा प्रश्न आला तेव्हा यज्ञेश्वररावांनी वर पाहिलं. माजघराच्या तुळईला पाळण्याच्या दोन कड्या होत्या. श्यामलाचा पाळणाही त्यांनाच टांगला होता.

"त्यांना नाही हं!" पद्मजाबाई म्हणाल्या. "बाळाच्या आधी त्या कड्यांना दुसरं काही टांगू नये."

"कुठं लिहिलंय?"

"सगळं लिहिलेलंच असतं का हो?"

हा प्रश्न यज्ञेश्वररावांच्या आयुष्याच्या पायालाच हात घालणारा होता. ते स्टुलावर चढले. बांबूच्या मधोमध बांधलेली दोरी मागच्या खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर नेली, म्हणजे ओढणारा बाहेर आणि वारा आत.

आधी आण्णांनी ओढली. नऊ मिनिटं झाल्यावर त्यांनी घोड्यांची आठवण काढली आणि ते खाली बसले. मग यज्ञेश्वररावांनी ओढली. वारा येत होता, पण तो आला हे श्यामलाला दर वेळी सांगावं लागत होतं. शेवटी जोतीरामला बोलावलं.

"दोरी ओढायची व्हय? त्यात काय? आम्ही रोज झाडाला दोर बांधून ओढतो. उलट झाड हलत न्हाय. हे हलतंय तरी!"

जोतीरामनं लंगोट सावरला, गच्चीच्या कठड्याला पाय लावला आणि एकच ओढ मारली. बांबू छताला समांतर गेला. परत येताना त्यानं फडताळावरचे तीन डबे, एक कंदील आणि यज्ञेश्वररावांच्या आजोबांची तसबीर बरोबर आणली. तुळईतून पंचवीस वर्षांची माती श्यामलाच्या अंगावर उतरली.

"आला का वारा?" बाहेरून जोतीरामनं विचारलं.

"आला," श्यामला डोळे पुसत म्हणाली. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती.

जोतीरामला हळू ओढायला शिकवण्यात बुधवारची संध्याकाळ गेली. ताकदीच्या माणसाला हळू काही शिकवणं फार कठीण असतं. तीन पेले थंडाई आणि अनेक दमांनंतर त्याला लय सापडली, आणि मग खरोखरच असा वारा सुटला, की श्यामला चटईवर पडल्या पडल्या झोपली. यज्ञेश्वररावांनी घड्याळ पाहून नोंद केली : झोप, सहा वाजून चाळीस मिनिटं. मग त्या ओळीखाली एक रेघ ओढली.

गुरुवारी सकाळी कंपनीचा शिपाई लखोटा घेऊन आला. 'अर्ज क्र. ४१७ मधील अक्षम्य हलगर्जीपणा या शब्दांबाबत अर्जदाराने पुराव्यानिशी खुलासा करावा. तोपर्यंत कार्यवाही करता येत नाही.' यज्ञेश्वररावांनी तो दोनदा वाचला. रागाच्या तळाशी त्यांना किंचित आदरही वाटला. मसुदा चांगला होता. त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला आणि स्वतः नेऊन दिला.

"मास्तर, नका देऊ उत्तर," खिडकीतला कारकून अजिजीनं म्हणाला. "तुम्ही उत्तर दिलंसा की साहेब पण उत्तर देणार. लांबतंय बघा."

"मी मास्तर नाही. नंबर घाला."

चारशे एकतीस.

ते घरी नव्हते त्या वेळात रोशनबी आली होती. पेठेत बांगड्या भरायला येणारी ही बाई श्यामलाच्या हातात हिरवा चुडा भरत असताना पद्मजाबाई तिला एवढंच म्हणाल्या, "रोशनबी, मंगळवारपासून आमची लाईट नाही गं." रोशनबी म्हणाली, "आमच्या मालकांना सांगती की." तिचा नवरा मीरासाब कंपनीत वायरमन होता. लिंबाखाली चहा पिणारा माणूस तो हाच.

शुक्रवारी दुपारी पावणेतीन वाजता मीरासाब शिडी घेऊन दारात उभा राहिला. तीन दिवस, पाच पानं आणि दोन नंबर यांनी जे झालं नव्हतं, ते एका वाक्यानं झालं होतं. याचा यज्ञेश्वररावांना आनंद झाला आणि अपमानही वाटला. जोतीराम त्या दिवशी शिरोळला कुस्तीला गेला होता, म्हणून आनंद जास्त होता.

मीरासाबनं खांब पाहिला. खांब ठीक होता. मग तो गच्चीवर गेला. गच्चीच्या कडेला, जिथं कंपनीची तार घराला येऊन मिळते, तिथं एक लोखंडी दांडा होता. गच्चीभर कुरडया वाळत पडल्या होत्या, कावळ्यांपासून त्यांचं रक्षण करायला वर जुनं धोतर ताणलेलं होतं. धोतराच्या तीन कोपऱ्यांच्या सुतळ्या कठड्याला होत्या. चौथ्या कोपऱ्याची सुतळी दांड्याला होती. धोतराआड दांडा पुरता वाकला होता आणि तार जोडातून निसटून लोंबत होती.

सगळे त्या सुतळीकडे पाहू लागले. एक कावळा तेवढा बोलला.

"मंगळवारी ऊन कलल्यावर धोतर ढिलं पडलं," पद्मजाबाई हळूच म्हणाल्या. "कावळे आत शिरायला लागले. म्हणून मी सुतळी जरा ओढून घेतली."

"किती वाजता?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"दोन वाजले असतील. वर पाच-दहा मिनिटं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही अर्ज लिहीत होतात."

मीरासाबनं सुतळी बोटांत धरून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "वैनी, नशीब समजा, ही कोरडी हुती. वली असती आणि तुमचा हात तारंला लागला असता, तर..." यज्ञेश्वररावांनी बायकोच्या चीक वाळलेल्या हाताकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं ती सुतळी सोडवायला घेतली. मीरासाबनं त्यांचा हात मागं ओढला.

"सोडतो मी. धा मिन्टांचं काम हाय, साहेब. जोडतो आणि जातो. फकस्त सही द्या." त्यानं खिशातून छापील चिठ्ठी काढली. "तोंडी तक्रारीला हे लागत न्हाय. तुमची लेखी हाय न्हवं, मग लागतंय. ह्यो कारणाचा रकाना. लिहा, वाऱ्यानं तार निसटली."

यज्ञेश्वररावांनी टाक हातात घेतला. सव्वातीन वाजले होते. ते चिठ्ठीकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान वर करून पिंपळाकडे पाहिलं.

"वारा कुठाय?" ते म्हणाले.

"आँ?"

"मंगळवारपासून पान हललेलं नाही. वारा असता तर हे सगळं झालंच नसतं. वाऱ्यानं तार निसटली, असं मी कसं लिहू?"

"अहो साहेब, कागुद हाय त्यो! वाऱ्याला कोण विचारायला जातंय?"

"दुसरं काय लिहिता येईल?"

"खरं लिहिलंसा, तर घरच्यांचा हात लागला असं हुतंय. मग इन्स्पेक्टरनं बघितल्याबगर मला जोडता येत न्हाय. आणि त्ये गेल्यात आजऱ्याला, मेव्हणीच्या लग्नाला. सोमवारी येणार."

"बाबा," खिडकीतून श्यामला म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "लिहा ना वारा."

त्या क्षणी यज्ञेश्वरराव काय विचार करत होते, ते नक्की सांगता येणार नाही. पण त्यांच्यासमोर दोन गोष्टी उभ्या होत्या, हे उघड होतं. एक मुलगी. आणि दुसरे ते दोन शब्द, जे त्यांनी कंपनीला दोनदा लिहिले होते, पुराव्यानिशी खुलासा करून तिसऱ्यांदा लिहिले होते, आणि जे आता सुतळीला बांधलेले त्यांच्याच गच्चीवर सापडले होते. आणखी एक खोटं त्यांवर चढवलं तर पंखा फिरला असता. त्यांनी टाक दौतीत बुडवला. कारणाच्या रकान्यात स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलं : 'कुरडयांवरील धोतराची सुतळी अर्जदाराच्या घरून दांड्यास बांधली गेल्याने. कंपनीचा दोष नाही. अर्जदाराचे पूर्वीचे शब्द मागे.' आणि सही केली.

मीरासाबनं वाचलं, कपाळाला हात लावला, सुतळी सोडवली, तार सुरक्षित बाजूला बांधली आणि शिडी उचलली. "नोकरीत बावीस वर्सं झाली," तो जिन्यात आण्णांना म्हणाला, "पर असलं गिऱ्हाईक न्हाय बघितलं."

"घोडं जातिवंत असलं की असंच करतंय," आण्णा म्हणाले.

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात चार मुद्दे होते.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी पेठेच्या तोंडाशी मोटारीचा भोंगा वाजला. यज्ञेश्वररावांनी कोट काढला, टोपी काढली, डोक्याला पंचा गुंडाळला, आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी बसून दोरी हातात घेतली. कठड्याचा दगड तव्यासारखा तापला होता. आत पावलं वाजली, पाट सरकवल्याचा आवाज आला आणि मग कालिंदीबाईंचा आवाज आला. पुण्याहून एवढ्या उन्हातून येऊनही त्याला घामाचा थेंब लागलेला नव्हता.

"कशी आहेस, श्यामले? आणि व्याही कुठं आहेत?"

"कचेरीत," पद्मजाबाई म्हणाल्या.

यज्ञेश्वररावांनी दोरी ओढली. पाऊण तासापूर्वी त्यांनी एका शब्दाचं खोटं लिहिलं नव्हतं, आणि आता त्यांच्या घरात त्यांच्या नावानं ते बोललं जात होतं. हे थांबवायचं तर दोरी सोडावी लागली असती. त्यांनी ती सोडली नाही.

"शुक्रवारी चार वाजता कचेरी? पत्रात तर सकाळची म्हणाले होते."

"जास्तीचं काम आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं.

"हा पंखा कसला?"

"दरबारी आहे, आई," श्यामलानं घाईनं सांगितलं. "विजेच्या पंख्यानं माझं डोकं दुखतं."

यज्ञेश्वरराव ओढत होते. एक, दोन, एक, दोन. तळहाताला फोड आला होता. डोळ्यांत घाम उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. एक कावळा कुरडयांजवळ उतरला, त्यांनी पायानं त्याला हाकललं. एक, दोन.

"वारा मात्र सुरेख आहे हो," आतून कालिंदीबाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं : "ही दोरी जाते कुठं?"

खिडकीत त्यांचा चेहरा आला. डोक्याला पंचा, उघडे खांदे, एक पाय कठड्याला, दुसरा कावळ्यावर रोखलेला, अशा अवस्थेत आपले व्याही त्यांना दिसले. यज्ञेश्वररावांना उठून नमस्कार करायचा होता. त्यांनी बसूनच मान लववली, कारण दोरी हातात होती.

"विहीणबाई," ते म्हणाले, "मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी पंखा बंद पडला." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. वार, वेळा, दोन्ही नंबर, सुतळी, रकाना. काहीही वगळलं नाही आणि लय चुकू दिली नाही.

कालिंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या सुनेकडे वळल्या. श्यामलाचे डोळे मिटत आले होते.

"चार महिने आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर होती," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. "माझ्या चिरंजीवांनी तिच्यासाठी खिडकीसुद्धा उघडली नाही. वारा आहे आमच्याकडे, असं मीच लिहीत बसले." मग त्या पद्मजाबाईंना म्हणाल्या, "हिला नाही नेत मी. मोटार परत पाठवा. रिकामी."

पद्मजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बसा ना, चहा टाकते."

"टाका. आणि माझी पेटी वर आणायला सांगा. बाळ होईपर्यंत मी इथंच आहे. असा वारा सोडून त्या उन्हात कोण जातं?"

मोटार पाच वाजता रिकामी गेली. पेटी आण्णांनी वर आणली. ती जड होती.

शनिवार, १३ मे, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत हाती आलेली माहिती अशी : वीज आलेली नाही. चारशे एकतीस नंबरचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. इन्स्पेक्टर आजऱ्याला आहेत. जोतीराम शिरोळची कुस्ती जिंकला, पण त्याचा खांदा उतरला असून पंधरा दिवस त्याला दोरीला हात लावायचा नाही. सकाळी चिमणाबाई सुईण येऊन पाहून गेली, तिच्या मते चार दिवसांच्या आत. त्यावर पाळणा कुठं टांगायचा, असा प्रश्न पद्मजाबाईंनी विचारला आणि सर्वांनी एकदम वर पाहिलं. कड्या दोनच आहेत. निर्णय झालेला नाही.

श्यामला झोपली आहे. तिच्या शेजारी कालिंदीबाई आडव्या झाल्या आहेत. यज्ञेश्वरराव गच्चीवर आहेत. तळहाताला फडकं बांधलेलं आहे, कुरडया शाबूत आहेत, पिंपळाचं पान स्थिर आहे.

"व्याही," आतून आवाज आला, "जरा जोरात."

त्यांनी कठड्याला पाय लावला आणि ओढ वाढवली.